पिप अडवतंय, एपीटी जुनं देतंय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

यावेळी आलेले प्रश्न वरवर वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचं मूळ एकच आहे. पायथनचं पिप, नोडचं एनपीएम, रस्टचं कार्गो हे सगळे लागणारी मॉड्यूल नेटवरून थेट ओढून आणतात, आणि डेबियनसारख्या डिस्ट्रोचा (म्हणजे लिनक्सच्या तयार संचाचा) नियम असा की पॅकेज बांधताना नेट बंद, जे काही लागेल ते आधीच डिस्ट्रोच्या भांडारात (एपीटी ही कमांड जिथून पॅकेज आणते तिथं) असलं पाहिजे. तेवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा, अर्धं कोडं तिथंच सुटतंय. आणि हो, कमांड आणि फाईलींची नावं इथं देवनागरीत छापलीत, टर्मिनलवर इंग्रजीतच टाईप करा. मागच्या वेळी एकानं तसंच मराठीत टाईप करून 'कमांड नॉट फाउंड'चा फोटो पाठवला होता.

प्रश्न: सर, मी खानापूरचा, बेळगावात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट पायथनमध्ये करूलो. लॅपटॉपवर डेबियन १२ टाकल्यापासून पिप इन्स्टॉल म्हटलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' असा लांबलचक एरर येतोय. रूममेट म्हणतोय पुढं 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' जोड, चालतंय. जोडू का?

उत्तर: नको रे बाबा. काय होणार ते त्या ऑप्शनच्या नावातच लिहिलंय की.

झालंय असं. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं, त्यात पायथन ३.११ होता आणि पायथनवाल्यांचा पेप ६६८ हा नियम लागू झाला. पायथनच्या फोल्डरमध्ये 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' नावाची एक छोटी फाईल असते, पिप ती बघतं आणि थांबतं. उबंटूच्या २३.०४ पासूनच्या व्हर्जनलाही हेच. तुझ्या लॅपटॉपवरची बरीच सिस्टिमची टूल्स स्वतःच पायथनमध्ये लिहिलेली आहेत, ती एपीटीनं आणलेल्या मॉड्यूलवर चालतात. तू सुडो लावून पिप चालवलंस की नवं मॉड्यूल यूएसआर-लोकलमध्ये जाऊन बसतं, पायथन मॉड्यूल शोधताना आधी तिथंच बघतो, म्हणजे एपीटीचं मॉड्यूल जागेवर असून झाकलं जातं आणि एपीटीला याचा पत्ताच नसतो. बरं, त्याच दिवशी काही मोडत नाही. नंतर कधीतरी भलतंच टूल एरर देतं आणि तोवर आपण काय केलेलं ते आपल्याला आठवत पण नाही.

मग करायचं काय. आधी एपीटीत बघ. नमपाय, पांडाज, ओपनसीव्ही सगळं आहे, नाव 'पायथन३' मग डॅश आणि पुढं मॉड्यूल. फक्त इथं एक गंमत आहे, डेबियन पिपवरचं नाव धरत नाही, बहुतेक वेळा इम्पोर्ट करताना आपण जे लिहितो ते धरतं. म्हणून पिपवरचं 'ब्यूटिफुलसूप४' इथं 'पायथन३-बीएस४' आणि 'पायवायएएमएल' इथं 'पायथन३-यामल'. पोरं पिपवरचं नाव टाकतात, सापडत नाही, आणि डेबियनमध्ये काहीच नाही म्हणून मोकळी होतात.

एपीटीत नसेल तर व्हीएनव्ही, म्हणजे एका प्रोजेक्टपुरतं बाजूला ठेवलेलं पायथनचं फोल्डर. त्यासाठी 'पायथन३-व्हीएनव्ही' पॅकेज वेगळं टाकावं लागतं. व्हीएनव्ही करताना 'सिस्टिम साईट पॅकेजेस' हा ऑप्शन दे, म्हणजे नमपायसारखी जड मॉड्यूल एपीटीची वापरली जातील आणि पिपनं फक्त राहिलेली छोटी उतरतील. खानापूरला पावसाळ्यात रेंजची काय अवस्था असते ते तुला मी सांगायला नको. आणि मॉड्यूल नाही, एखादं अख्खं टूलच पाहिजे असेल, तर पिपएक्स वापर, ते प्रत्येक टूलला स्वतःची वेगळी व्हीएनव्ही करून देतं.

प्रश्न: उद्यमबागला आमचं छोटं मशीनशॉप आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर डेबियन आहे, आमच्या इंजिनिअर पोरानं बसवलंय. तो म्हणतो यातली सगळी सॉफ्टवेअरं जुनी असतात, दुसरं काहीतरी टाकूया. जुनं सॉफ्टवेअर म्हणजे धोका नाही का?

उत्तर: साहेब, आकडा जुना असला म्हणून दुरुस्ती जुनी नसते. डेबियनचं स्टेबल, म्हणजे पक्कं झालेलं व्हर्जन, साधारण दोन वर्षांनी येतं आणि एकदा आलं की त्यातल्या पॅकेजची व्हर्जन गोठवतात. पुढं कुठं सुरक्षेचं भोक सापडलं तर नव्या व्हर्जनमधली तेवढीच दुरुस्ती काढून जुन्यावर लावतात, याला बॅकपोर्ट म्हणतात. म्हणजे आकडा तोच दिसतो, शेवटी डेब १२ यू १ असलं काहीतरी शेपूट लागतं. पहिली तीन वर्षं नेहमीचा सपोर्ट, नंतर दोन वर्षं एलटीएस (लांबवलेला सपोर्ट), मिळून पाच.

तुमच्या शॉपमध्ये ऑर्डरचा हिशेब, ड्रॉइंगच्या फाईली, मशीनला प्रोग्राम पाठवणं एवढं असेल तर याच्यापेक्षा जास्त काही नको. पोराला नवं पायथन पाहिजे असेल तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३.१३ आहे, एखाद्या रविवारी बॅकअप घेऊन अपग्रेड करायला सांगा. चालू मशीनवर दर आठवड्याला नवनवीन व्हर्जन खेळवणारी डिस्ट्रो घेऊ नका, ते घरच्या लॅपटॉपवर करू दे त्याला.

प्रश्न: मी निपाणीचा. पुण्यात नोकरी, आता घरूनच काम. मराठी आणि कन्नड मजकुरातली नावं एकमेकांशी जुळवणारं एक पायथन मॉड्यूल लिहिलंय. आपल्या भागात एकाच माणसाचं नाव रेशनकार्डावर कन्नडमध्ये आणि शाळेच्या दाखल्यावर मराठीत, स्पेलिंग तिसरंच, त्यासाठी. पायपीआयवर (पिप जिथून आणतं तिथं) टाकलंय, पण ते डेबियनमध्ये जावं असं वाटतंय. काय काय करावं लागतं?

उत्तर: कामाचं मॉड्यूल आहे हे, सीमाभागात कुणालाही पटेल. सविस्तर सांगतो, कारण याच्यावर मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

सुरुवात कोडनं नाही, एका बग रिपोर्टनं होते. डेबियनच्या बग ट्रॅकरवर 'डब्ल्यूएनपीपी' नावाच्या खोट्या पॅकेजवर आयटीपी टाकायचा, म्हणजे हे पॅकेज मी करणार आहे असं जाहीर करायचं, उगाच दोघंजण तेच काम करत बसू नयेत.

मग तुमच्या सोर्सच्या आत 'डेबियन' नावाचं फोल्डर. त्यात कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराईट, वॉच (नवं व्हर्जन कुठं बघायचं ते सांगणारी) अशा फाईली. रूल्सचं नाव ऐकून लोक घाबरतात, पण ती मेकफाईलच आहे, आणि आता डेबहेल्पर हे टूल इतकं शहाणं झालंय की तीनचार ओळीत भागतं, बाकी सगळं 'डीएच' आणि 'पायबिल्ड' बघून घेतात. तुमचं मॉड्यूल पायप्रोजेक्ट टॉमल ही फाईल वापरत असेल तर 'पायबिल्ड-प्लगइन-पायप्रोजेक्ट' कंट्रोलमधल्या बिल्ड-डिपेंड्समध्ये (बांधायला काय काय लागतं त्या यादीत) टाका. अजून जुनी सेटअप फाईल डिस्टयूटिल्सवर चालवत असाल तर आधी ती बदला, पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, डिस्टयूटिल्स काढूनच टाकलंय.

आता तो नेट बंदचा नियम. बिल्ड टूल निवडताना बघा की ते टूल स्वतः डेबियनमध्ये आहे का. सेटअपटूल्स, फ्लिट, हॅचलिंग, पोएट्री-कोअर आहेत, यातलं काहीही चालेल. कुठलंतरी कालपरवा निघालेलं टूल घेतलं असेल, तर आधी त्याचं पॅकेज करा, मग ते ज्याच्यावर अवलंबून आहे त्याचं, मग त्याच्याही मागच्याचं. एका मॉड्यूलसाठी बसलेला माणूस सहा पॅकेजं करून उठतो ते असं. माझं मत विचाराल तर साध्या मॉड्यूलला सेटअपटूल्स किंवा फ्लिट पुरे, फॅशन नको.

टेस्टचं पण तेच. डेबियनमध्ये टेस्ट बिल्डच्या वेळीच चालतात. तुमची एखादी टेस्ट नेटवरून नमुना फाईल ओढत असेल तर ती पडणार, म्हणून फाईल सोर्समध्येच ठेवा नाहीतर तेवढी टेस्ट वगळा. आणि पायपीआयवरच्या टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) कित्येकदा टेस्ट नसतातच, म्हणून वॉच फाईल गिटच्या टॅगकडे वळवा. हे सगळं स्वतःच्या रोजच्या मशीनवर करून बघू नका, तिथं आधीच शंभर गोष्टी टाकलेल्या असतात त्यामुळं बिल्ड-डिपेंड्समध्ये काय राहिलं ते कळतच नाही. एसबिल्ड वापरा, ते दरवेळी कोरं क्रूट (बाकी सिस्टिमपासून तोडलेलं रिकामं डेबियन) घेऊन त्यात फक्त तुम्ही लिहिलेलं टाकतं, आणि राहिलेलं तिथं लगेच उघडं पडतं.

आणि आता जिथं आपली माणसं हमखास अडकतात ते, कॉपीराईट फाईल. नवं पॅकेज 'न्यू' नावाच्या रांगेत जातं आणि तिथं डेबियनची माणसं लायसन्स तपासतात. कोड तुमचा, एमआयटी लायसन्स, प्रश्न नाही. पण नावं जुळवायची म्हणजे नावांची यादी असणार, ती कुठनं आणली? मतदार यादीतनं उचलली असेल तर विसरा, लायसन्स राहू दे बाजूला, लोकांची खरी नावं वाटत फिरणंच चूक. वर्तमानपत्राच्या साईटवरनं स्क्रिप्टनं गोळा केली असेल तरी तुम्हाला तो हक्क कुणी दिला याचं उत्तर द्यावं लागेल, आणि ते तुमच्याकडं नसणार. स्वतः बसून यादी करा, चार मित्रांना कामाला लावा आणि त्यांच्याकडनं लायसन्सला होकार लिहून घ्या. भारतीय भाषांच्या डेटाचं घोडं पेंड खातंय ते इथंच, कोडपाशी कधीच नाही.

मॉड्यूल निव्वळ पायथनमध्ये असेल तर आर्किटेक्चर 'ऑल' लिहा, एकच पॅकेज सगळ्या मशीनवर चालतं. वेगासाठी सीमध्ये तुकडा लिहिला असेल तर 'एनी', मग ते एएमडी६४, आर्म६४ वगैरे प्रत्येकावर वेगळं बांधलं जातं. सोर्सचं नाव काहीही ठेवा, बाहेर पडणाऱ्या पॅकेजचं नाव मात्र पायथन३-डॅश-मॉड्यूल. लिंटियन चालवा, ते बारीकसारीक चुका दाखवतं, थोडं कटकटं आहे पण ऐका त्याचं.

तुम्हाला अपलोडचा हक्क नाही म्हणून स्पॉन्सर लागतो. डेबियनची पायथन टीम आहे, साल्सा नावाच्या गिटलॅबवर काम चालतं, तिथं टीममध्ये सामील होऊन पॅकेज ठेवा. एकट्यानं मेंटर्स नावाच्या साईटवर टाकून स्पॉन्सरची वाट बघण्यापेक्षा टीममधून लवकर होतं. आणि पॅकेज आत गेलं म्हणजे सुटलो असं नाही, पायथनचं व्हर्जन बदललं की बग तुमच्याच नावावर येणार. तयारी असेल तरच उतरा.

प्रश्न: चिकोडीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब बघते. मुलांना नोडचे प्रोजेक्ट असतात, सगळे एकदम एनपीएम इन्स्टॉल करतात आणि नेट बसतं. एपीटीनं एकदाच सगळ्या मशीनवर टाकावं म्हटलं तर त्यात निम्मी मॉड्यूल मिळत नाहीत. असं का?

उत्तर: मॅडम, नोडच्या जगात मॉड्यूल फार बारीक करायची सवय आहे. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं मॉड्यूल त्याच्या लेखकानं एनपीएमवरून काढून घेतलं, दुसऱ्याच एका पॅकेजच्या नावावरून वाद झाला म्हणून, आणि जगभर बिल्ड पडायला लागली, बॅबेल या जावास्क्रिप्टच्या टूलसकट. शेवटी एनपीएमला ते परत ठेवावं लागलं. काम काय त्याचं, तर मजकुराच्या डावीकडं जागा भरणं. आता अशा प्रत्येक ११ ओळींसाठी डेबियननं वेगळं पॅकेज, वेगळी कॉपीराईट फाईल, वेगळा मेंटेनर कुठनं आणायचा? म्हणून तिथं बारीक मॉड्यूल एकत्र करून एका पॅकेजमध्ये बांधतात, आणि बाकीची जाऊ दे म्हणतात. एखाद्या प्रोजेक्टच्या नोड मॉड्यूल्स फोल्डरमध्ये किती फोल्डर असतात ते एकदा मुलांनाच मोजायला लावा.

गो आणि रस्टचं वेगळंच. त्यांची लायब्ररी पॅकेजं म्हणजे नुसता सोर्स, नावाच्या शेवटी 'डेव्ह' लावलेला, आणि तयार प्रोग्रॅममध्ये सगळं आतच चिकटवलेलं. लायब्ररीत भोक सापडलं की ती वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅम परत बांधायचा. सीच्या लायब्ररीसारखं एक बदललं आणि सगळे सुधारले असं होत नाही.

लॅबसाठी सांगते तेवढं करा... सांगतो, तुमचं पत्र समोर ठेवून लिहितोय म्हणून तसं आलं. एका जुन्या मशीनवर 'एपीटी-कॅशर-एनजी' बसवा, ते ३१४२ पोर्टवर ऐकतं, बाकी मशीनना तो प्रॉक्सी द्या, पॅकेज एकदाच नेटवरून येतं आणि पुढं सगळ्यांना लॅबमधूनच. एनपीएमसाठी तसंच काम व्हर्डाचिओ करतं. आणि मुलांना 'एनपीएम सीआय' वापरायची सवय लावा, ते लॉक फाईलमध्ये जे लिहिलंय तेच आणतं, प्रत्येकाकडं वेगळं व्हर्जन असली भानगड राहत नाही. जाता जाता 'फॉन्ट्स-लोहित-देवा' आणि 'फॉन्ट्स-लोहित-केएनडीए' पण टाकून ठेवा, लॅबमध्ये दोन्ही भाषांचे रिपोर्ट छापले जातात ना.

प्रश्न: संकेश्वरहून. डेबियन १२ मध्ये ग्रेडल (जावाचं बिल्ड टूल) ४.४.१ मिळतंय, आणि १३ मध्ये पण तेच! जावावाल्यांवर एवढा राग का?

उत्तर: राग नाही, अडचण विरजणाची आहे. दही लावायला आधी चमचाभर दही लागतं तसं ग्रेडल बांधायला ग्रेडल लागतं. ४.४.१ हे २०१७ चं. त्याच्या पुढच्या व्हर्जनना कोटलिन ही भाषा लागायला लागली, आणि कोटलिनचा कंपायलर बांधायला आधीचा कोटलिन. नेटवरून तयार बायनरी आणून त्याच्यावर बांधलं तर तुमचं काम होतं, पण डेबियनला सोर्सपासून सगळं स्वतः बांधता आलं पाहिजे, आणि ही साखळी कुणीतरी बसून सोडवेपर्यंत आकडा तिथंच.

बाकीच्यांना पण हे चुकलं नाही. गोचा कंपायलर आधी सीमध्ये होता, ऑगस्ट २०१५ च्या १.५ पासून तो गोमध्येच लिहिला, म्हणून शून्यातून सुरू करायचं तर १.४ वरून चढत यावं लागतं. रस्टचा पहिला कंपायलर ओकॅमलमध्ये होता. गीक्स नावाच्या डिस्ट्रोवाल्यांनी तर २०२३ मध्ये कमालच केली, ३५७ बाइटच्या एका बायनरी बीपासून चढत चढत जीसीसी या सीच्या कंपायलरपर्यंत जायची वाट पूर्ण केली. ३५७ बाइट म्हणजे मराठीतली एकदोन वाक्यं!

तुमच्यापुरतं सांगायचं तर प्रोजेक्टमध्ये ग्रेडल रॅपर (ठरलेलं ग्रेडल स्वतः उतरवणारी स्क्रिप्ट) वापरा आणि त्याच्या प्रॉपर्टीज फाईलमध्ये शा२५६ चा चेकसम लिहून ठेवा. एपीटीचं ग्रेडल डेबियनची स्वतःची जावा पॅकेजं बांधण्यासाठी आहे, तुमच्या प्रोजेक्टसाठी ते घेऊच नका.

प्रश्न: शहापूर, बेळगाव. एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या टूलमध्ये चोरवाट घुसवल्याचं प्रकरण झालं तेव्हा सगळे म्हणत होते ओपन सोर्सचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणून सापडलं. खरं का?

उत्तर: अर्धंच. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि तो मागं लागला म्हणून सापडलं. ५.६.० आणि ५.६.१ ही दोन व्हर्जन बाधित होती. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये (अजून पक्क्या न झालेल्या भागांत) ती पोचली होती, स्टेबलमध्ये नाही, आणि जुन्या आकड्यांवर हसणारे तेवढे दिवस गप्प होते.

पण यातला बिल्ड टूलचा भाग कुणी नीट सांगत नाही. विष टेस्टच्या फाईलींमध्ये लपवलं होतं, त्या गिटमध्ये पण होत्या. मात्र बिल्डच्या वेळी ते बाहेर काढून जोडणारी ओळ होती एम४ च्या (बिल्डची स्क्रिप्ट जिच्यावरून तयार होते अशा) एका फाईलमध्ये, आणि ती बदललेली फाईल फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हतीच. म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये ती ओळ नव्हती. ऑटोटूल्स या बिल्ड टूलनं केलेल्या टारबॉलमध्ये तयार केलेली हजारो ओळींची कॉन्फिगर स्क्रिप्ट असते, ती कोण वाचतंय. बरेच पॅकेजवाले ती परत तयार करतात, पण ती त्याच एम४ वरून तयार होते, मग उपयोग काय. वर निपाणीच्या वाचकांना वॉच फाईल गिटच्या टॅगकडे वळवा म्हटलं, त्याचं टेस्टशिवाय हे पण एक कारण.

प्रश्न: पॅकेजिंग करून पैसे मिळतात का?

उत्तर: थेट नाही, डेबियनची बहुतेक माणसं हौसेनं करतात. एलटीएसच्या कामाचे फ्रेक्सियन नावाची कंपनी पैसे देते, पण तिथं पोचायला आधी बरीच वर्षं फुकट घासावी लागतात. रेड हॅटचं पुण्यात ऑफिस आहे, आरपीएमची (रेड हॅटच्या पॅकेजची) स्पेक फाईल लिहिता येणाऱ्याला अशा ठिकाणी किंमत असते. नुसत्या सर्टिफिकेटला नसते.

प्रश्न: मी हुक्केरीचा, डिप्लोमाला आहे. दहावीपर्यंत मराठी मिडियम, इंग्लिश कच्चं आहे, कन्नड बोलायपुरतं. मला जमेल का यातलं काही? सुरुवात कुठनं करू?

उत्तर: जमेल की. मेलिंग लिस्टवर चार वाक्यं सरळ लिहिता आली की पुरे, तिथले निम्मे लोक इंग्लिश मायबोली नसलेलेच आहेत. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत चालतो, तो कुणीतरी बसून भाषांतर केला म्हणूनच, ते काम पण काम आहे.

पण पॅकेजिंगच शिकायचं असेल तर नवीन काही करायला जाऊ नको. आधी असलेलं एक छोटं पॅकेज घे, पर्लचं घे, पर्लची पॅकेजं डेबियनमध्ये सगळ्यात नीट ठेवलेली असतात असं माझं मत. सोर्सेस लिस्टमध्ये डेब-एसआरसीची ओळ चालू कर, 'एपीटी सोर्स' नं सोर्स उतरव, 'एपीटी बिल्ड-डेप' नं लागणारं सगळं टाक, आणि मग वायफाय बंद करून 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज' चालव. सही नको म्हणून 'यूएस' आणि 'यूसी' हे दोन ऑप्शन लाव. डेब फाईल तयार झाली की कंट्रोल फाईलमधली बिल्ड-डिपेंड्सची एखादी ओळ मुद्दाम काढून परत बांध, डीपीकेजी काही बोलणार नाही कारण ते पॅकेज तुझ्या मशीनवर आधीच आहे, मग तेच एसबिल्डमध्ये बांध आणि एरर वाच.

त्यानंतर 'हाऊ-कॅन-आय-हेल्प' नावाचं पॅकेज टाक. तुझ्याच मशीनवर असलेल्या पॅकेजपैकी कुठल्याला मेंटेनर नाही, कुठल्यात नवख्याला जमेल असा बग आहे, ते एपीटी चालवल्यावर यादीत दाखवतं. त्यातलं जे तू रोज वापरतोस ते निवड, आणि बग नंबर घेऊन पत्र पाठव, पुढच्या अंकात त्याच्यावरच बोलू.